सिंगपेरुमाळ कोईलच्या फलाटावरचे गाणे



गेल्या दोन अंकांत आम्ही खोडव्यातील पाचट आणि हुमणीचा बंदोबस्त या विषयांवर लिहिले. ते विषय संपले असे नाही. हुमणी तर आपण संपली म्हटल्याने संपतच नाही. परंतु या अंकात उसाला थोडी विश्रांती देऊन एका गवयाविषयी लिहावयाचे ठरविले आहे. याला कारण देवगाव रंगारी गटातील सभासदच आहेत, ते ओघाने पुढे येईल.

गोष्ट २७ ऑक्टोबर १९३७ ची. मद्रासच्या दक्षिणेस सुमारे पन्नास किलोमीटरवर, चेंगलपट्टूच्या अलीकडे, सिंगपेरुमाळ कोईल नावाचे एक लहान रेल्वे स्टेशन आहे. सिंगपेरुमाळ म्हणजे नरसिंह आणि कोईल म्हणजे देऊळ. तेथे खडकात कोरलेले नरसिंहाचे जुने देऊळ आहे, त्यावरून गावाला आणि स्टेशनलाही हे नाव पडले. त्या काळी ती लाइन मीटरगेज होती. आपल्या जुन्या सभासदांना लासूर स्टेशनवरून जाणारी मनमाडची छोटी गाडी आठवत असेल, ती लाइनही १९९० च्या दशकापर्यंत मीटरगेजच होती. तसले लहान डबे, तसलेच गावाबाहेरचे स्टेशन, गाडी निघून गेली की पुन्हा सामसूम, असे चित्र डोळ्यांसमोर आणावे म्हणजे पुढचे नीट समजेल.

त्या फलाटावर रात्री एक वृद्ध गवई गाडीतून उतरला. छातीत दुखत होते. त्याने फलाटावर अंथरूण घालायला लावले, तंबोरा जुळवून घेतला, नमाज पढला आणि कलमा दरबारी कानडा रागात गाऊन प्राण सोडला. हे होते किराणा घराण्याचे खाँसाहेब अब्दुल करीम खाँ. हिंदुस्थानात त्या वेळी त्यांच्या तोडीचे गवई हाताच्या बोटांवर मोजण्याइतके होते. ज्यांच्या जलशाला संस्थानिक आणि शेटसावकार दाटीवाटीने बसत, त्यांचे अखेरचे गाणे एका आडबाजूच्या फलाटावर झाले. त्याला तिकीट नव्हते, आमंत्रण नव्हते. ऐकायला होती ती सोबतची चार माणसे.

आता काही सभासद विचारतील की मद्रासच्या बाजूला घडलेल्या या गोष्टीचा आपल्याशी संबंध काय. संबंध आहे, कारण हा माणूस जन्माने उत्तरेकडचा असला तरी आयुष्याने आपल्या महाराष्ट्राचा होता.

खाँसाहेबांचा जन्म १८७२ सालचा, उत्तर प्रदेशातील कैराना गावचा. या कैरान्यावरूनच घराण्याचे नाव किराणा असे पडले. (वाण्याच्या किराणा दुकानाशी त्याचा काही संबंध नाही. आमचाही बरीच वर्षे तसा समज होता असे एका सभासदाने आम्हाला हसत सांगितले.) घराणे पिढीजात गाण्याबजावण्याचे. लहानपणापासून गाणे तर होतेच, शिवाय सारंगी, बीन, सतार अशी वाद्येही त्यांच्या हाताखालून गेली. तरुणपणी भावासह ते बडोद्याच्या दरबारात आले. तेथे ताराबाई माने या मराठा सरदार घराण्यातील मुलीशी त्यांचे सूत जुळले आणि दोघांनी बडोदे सोडले. त्या काळात हे केवढे धाडस होते ते आपण खेड्यातल्या माणसांना वेगळे सांगायला नको. त्यांची मुले म्हणजे सुरेशबाबू माने, हिराबाई बडोदेकर, सरस्वतीबाई राणे ही सगळी पुढे मोठ्या नावाला चढली. हिराबाईंचे नाव आपल्यातल्या वयस्कर मंडळींना रेडिओमुळे माहीत असेलच.

१९१३ साली खाँसाहेबांनी पुण्यात आर्य संगीत विद्यालय काढले. मुलांना जवळ ठेवून घेऊन, त्यांची जेवणाखाण्याची सोय करून शिकवायचे, अशी ती शाळा. तिचा खर्च जलशांच्या उत्पन्नावर चाले. म्हणजे रात्री गाऊन मिळवायचे आणि दिवसा विद्यार्थ्यांच्या पंगतीला घालायचे, असा हिशेब. एका मुसलमान उस्तादाच्या शाळेला आर्य हे नाव आणि शिकायला निरनिराळ्या जातींची मुले, हे त्या काळी पुण्यात चालले, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे.

सुरांच्या बाबतीत हा माणूस फार काटेकोर. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल आणि इंग्रज न्यायाधीश क्लेमेंट्स हे त्या काळात श्रुतींचा अभ्यास करीत होते. सा ते वरचा सा यांमध्ये आपले पूर्वज बावीस श्रुती मानीत आले, त्या नेमक्या कोठे बसतात हे मोजण्याचा त्यांचा प्रयत्न होता. त्यासाठी खाँसाहेबांनी आपल्या गळ्याचा आणि कानाचा उपयोग त्यांना करू दिला. आम्ही शिवारात हातातला रिफ्रॅक्टोमीटर घेऊन ब्रिक्स पाहतो, तेव्हा अठरा आणि साडेअठरा यांतला फरक आम्हाला काच डोळ्याला लावल्याशिवाय कळत नाही. या माणसाला तेवढा फरक नुसत्या कानाने कळत असे. तंबोरा लावायला ते लागेल तेवढा वेळ घेत, आणि मनासारखा लागेपर्यंत गाणे सुरू होत नसे.

त्यांचे टिपू मियाँ नावाचे कुत्रे होते, तेही सुराला सूर लावी आणि त्यांनी ते श्रोत्यांसमोरही आणले होते. लोक हसले असतील. परंतु कुत्र्याला जे साधते ते माणसाला का साधू नये, असेच त्यांना दाखवायचे असावे, असा आमचा आपला तर्क.

१९२२ साली ताराबाई मुलांना घेऊन वेगळ्या झाल्या. घर मोडले. त्याविषयी लोकांनी पुष्कळ लिहिले आहे, आम्ही त्यात पडत नाही. एवढेच सांगतो की मुलांनी वडिलांचे आडनाव सोडले, पण गाणे सोडले नाही. खाँसाहेब त्या सुमाराला मिरजेला स्थिरावले ते कायमचे.

मिरज त्यांनी का निवडली? तेथे ख्वाजा शमना मीरासाहेब यांचा दर्गा आहे. जुन्या काळी प्लेगच्या दुखण्यात खाँसाहेब या दर्ग्याच्या आसऱ्याला येऊन राहिले, तेथेच गात बसले आणि बरे झाले, असे मिरजेत सांगतात. तेव्हापासून दर्ग्यावर त्यांची भक्ती. आपल्याकडे खुलताबादच्या उरुसाला सर्व जातींचे लोक नवस फेडायला जातात, तसाच मिरजेचा उरूस. मिरज हे दक्षिणेकडे जाणाऱ्या रेल्वेचे जंक्शन होते, ही सोयही होतीच. म्हैसूरच्या दरबाराकडे जाता-येता खाँसाहेब धारवाड-हुबळीला मुक्काम करीत. तेथेच कुंदगोळच्या रामभाऊंना त्यांनी शिकविले, ते पुढे सवाई गंधर्व या नावाने प्रसिद्ध झाले. दक्षिणेत फिरताना खाँसाहेब कर्नाटक पद्धतीचे गाणेही शिकले, तिकडची सरगम त्यांनी आपल्या गाण्यात आणली.

आपल्या भागाशी त्यांचा एक धागा सांगून पुढे जातो. शिर्डीला साईबाबांच्या समोर खाँसाहेब गायले होते, अशी आठवण त्यांच्या शिष्यपरिवारात सांगितली जाते. शिर्डी आपल्या देवगावपासून किती लांब? एका दिवसात एसटीने जाऊन यावे एवढी. मोठा गवई, समोर एक फकीर आणि भोवती गावातली माणसे. असे घरगुती गाणे करण्याची त्यांची रीत जुनीच होती, असे यावरून दिसते. फलाटावरची रात्र काही आभाळातून पडली नाही.

आता देवगाव रंगारी गटाकडे वळतो.

ठिबक आणि एक डोळा रोपांची लागण पाहण्यासाठी कारखान्यातर्फे सभासदांचा अभ्यास दौरा सांगली-कोल्हापूर भागात नेला होता. देवगाव गटाचे बरेच सभासद त्यात होते. दोन दिवस प्लॉट पाहिले. पाच फुटी सरी, दोन रोपांतले अंतर, ठिबकमधून खते देण्याचे वेळापत्रक, हे सर्व वहीत उतरवून झाले. तिकडची काळी जमीन आणि पाणी पाहून आपली मंडळी थोडी गप्प झाली होती. शिवनेच्या काठचा ऊस एप्रिल-मे महिन्यांत कसा जगवावा लागतो ते आपले आपणच जाणतो, त्यामुळे दुसऱ्याचे भरले पाट पाहिले की माणूस गप्प होतो. परतताना गाडी मिरजेत थांबली. कोणाला चहा हवा होता, कोणाला दवाखान्यात नातेवाइकाला भेटायचे होते. उरलेल्यांना घेऊन आम्ही दर्ग्यात गेलो.

तेथे आवारातच खाँसाहेबांची कबर आहे. आम्ही थोडक्यात हकिकत सांगितली, म्हणजे या लेखाच्या सुरुवातीला सांगितली तेवढीच. मंडळी टोप्या सावरून ऐकत होती. मग एका तरुण सभासदाने विचारले,

“पण साहेब, तिथं ऐकायला होतं कोन?”

आम्ही म्हटले, बरोबरचे शिष्य, सोबतीची माणसे, आणखी स्टेशनवर जे कोणी असतील ते.

“म्हंजे कोनीच नाही,” तो म्हणाला. “एवढा मोठा मानूस, अन् शेवटचं गानं असं वाया गेलं. कोनी टेप केलं नाही, काही नाही.”

त्याचे म्हणणे एका अर्थी खरे होते. आजचा जमाना फोन वर धरून ठेवण्याचा आहे. ते गाणे कोणी मुद्रित केले नाही, तसे साधन त्या फलाटावर असण्याचा प्रश्नच नव्हता. आम्हाला लगेच उत्तर सुचले नाही. उत्तर दिले ते देवगावच्याच एका वयस्कर सभासदांनी. ते वारकरी आहेत आणि दरवर्षी सप्त्यात वीणा घेतात. ते तरुणाला म्हणाले,

“बापू, सप्त्यात रात्री दोनच्या पहाऱ्याला मी वीना घेऊन उभा असतो. मांडवात कोन असतं ऐकायला? एखादं कुत्रं झोपलेलं असतं. मंग काय वीना खाली ठेवायचा का?”

तरुण काही बोलला नाही. आम्हीही नाही. सप्ता बसला की सात दिवस वीणा जमिनीला टेकत नाही. एकाने दुसऱ्याच्या गळ्यात घालायची, पहारा बदलायचा, नाम चालू ठेवायचे. हे आपल्यापैकी प्रत्येकाने लहानपणापासून पाहिले आहे. परंतु खाँसाहेबांच्या फलाटाशी ते कोणी जोडून दाखवील असे आम्हाला वाटले नव्हते. गाण्यावरचे जाडजूड ग्रंथ लिहिणाऱ्यांनाही ते सुचले असते की नाही, शंका आहे.

गाडीत बसल्यावर मंडळींनी आग्रह धरला की ही हकिकत पुरती लिहून काढा आणि वार्तापत्रात द्या. म्हणून ती रात्र आता थोडी सविस्तर सांगतो.

खाँसाहेब तेव्हा पासष्टीला टेकले होते. अंगकाठी बारीक, डोक्याला पागोटे, मिशा भरघोस, हातात काठी. फोटोत पाहिले तर एखाद्या संस्थानचे जुने कारभारी वाटावेत. मद्रासचे कार्यक्रम आटोपून ते पाँडिचेरीला निघाले होते. तेथे श्रीअरविंदांच्या आश्रमात जायचे होते. गाडी सुरू झाल्यावर वाटेत छातीत कळा येऊ लागल्या. पुढे जाण्यात अर्थ नाही हे त्यांना उमगले असावे. सिंगपेरुमाळ कोईल आले तशी मंडळी उतरली.

येथे आपण क्षणभर थांबून विचार करावा. आपल्यापैकी कोणाच्या छातीत असे दुखू लागले तर आपण काय मागू? पाणी मागू. डॉक्टरला बोलवा म्हणू. मुलाबाळांना हाक मारू. त्यात गैर काहीच नाही, माणसाचा जीव आहे. या माणसाने तंबोरा मागितला.

तंबोऱ्याला तारा चार. पहिली बहुतेक वेळा पंचमात, मधल्या दोन षड्जात, त्यांना जोड म्हणतात, आणि शेवटची खर्जात. तारा घोडीवरून जातात तेथे प्रत्येक तारेखाली सुताचा बारीक दोरा सरकवून ठेवतात. तो दोरा केसभर इकडे-तिकडे झाला तर आवाज बंद पडतो आणि नेमका बसला तर तार बोलू लागते, झंकार सुटतो. त्याला जवारी म्हणतात. प्रवासात तंबोरा उतरतोच. गाडीची हिसकणी, हवेतला दमटपणा, सगळ्यांचा परिणाम होतो. तेव्हा त्या फलाटावर आधी खुंट्या पिळून, मणी सरकवून तारा मिळवाव्या लागल्या असणार. छातीत कळ घेऊन पडलेला माणूस तार सुरात येण्याची वाट पाहत होता. घाई केली असती तर कोणी नावे ठेवली नसती. आम्हाला या सर्व हकिकतीत हाच भाग सर्वांत मोठा वाटतो, गाण्यापेक्षाही.

मग नमाज आणि मग कलमा, दरबारी कानड्यात.

दरबारी हा रात्रीचा राग. तानसेनाने तो अकबराच्या दरबारात गाइला अशी परंपरा आहे, म्हणून नाव दरबारी. चाल संथ आणि भारदस्त. यातला गंधार कोमल असतो, पण तो एका जागी ठोकून ठेवलेला नसतो. तो हेलकावतो, पाण्यावर नाव डोलावी तसा. ज्यांना रागाचे नाव ठाऊक नाही त्यांनाही तो गंधार लागला की पोटात काहीतरी हलते. खाँसाहेबांचे घराणे तर एकेक सूर सावकाश, दम धरून, त्याच्या आत शिरून गाणारे. ताना-पलट्यांची धावपळ त्यात मागाहून येते. त्या रात्री दम किती उरला होता कोण जाणे. परंतु हा राग मोठ्या आवाजाचा नाही आणि खाँसाहेबांचा आवाजही मुळात ओरडण्याचा नव्हता. बारीक, गोड, लांबपर्यंत जाणारा असा तो होता. त्यामुळे छातीत बळ नसतानाही त्यांना तो पेलला असावा.

कलमा म्हणजे अल्लाची साक्ष देणारे शब्द. ते ठिकाण नरसिंहाच्या देवळाचे गाव, आणि जायचे होते एका योग्याच्या आश्रमात. खाँसाहेबांनी आयुष्यभर भजने गाइली, अभंग गाइले, मराठी नाट्यपदे गाइली आणि पाच वेळा नमाजही पढला. त्यांना यात कोठे अडचण दिसली नाही. हल्ली ज्यांना दिसते त्यांच्याशी वाद घालण्याची ही जागा नव्हे.

गाणे संपले, ते आडवे झाले आणि गेले.

पार्थिव मिरजेला आणले आणि मीरासाहेबांच्या दर्ग्यात त्यांना जागा मिळाली. ज्या आवारात दुखण्यातून उठले तेथेच ते निजले. उरुसाच्या वेळी दर्ग्यात त्यांच्या स्मरणार्थ संगीत सभा होते. दूरदूरचे गवई, वाजविणारे येऊन तेथे हजेरी लावतात. ऐकायला शेतकरी, हमाल, दुकानदार, बायाबापड्या, कोणीही बसते. पुण्या-मुंबईच्या मोठ्या सभागृहांत हजाराच्या तिकिटावर जे ऐकायचे ते येथे दर्ग्यात मांडी घालून ऐकायला मिळते. सभासदांनी एकदा तरी जावे अशी आमची शिफारस आहे. मात्र आपल्याकडच्या काही कार्यक्रमांत कर्णे जसे कानाचे पडदे फाडतात तशी अपेक्षा ठेवून जाऊ नये. तंबोरा ऐकू येण्यासाठी आधी आपण गप्प बसावे लागते.

त्या तरुण सभासदाच्या बोलण्यात एक मुद्दा राहिला होता, गाणे वाया गेल्याचा. त्याला आम्ही परतीच्या वाटेवर एक गोष्ट सांगितली, ती येथेही देतो.

खाँसाहेबांनी ध्वनिमुद्रिका पुष्कळ दिल्या. त्या काळच्या तबकडीच्या एका बाजूला जेमतेम तीन-साडेतीन मिनिटे मावत. रात्र-रात्र गाणाऱ्या माणसाला ते म्हणजे एका वाफ्यात बागायत करण्यासारखे. तरीही त्यांची झिंझोटी रागातली ठुमरी तबकडीवर आली आणि गावोगावच्या दुकानांत, हॉटेलांत वाजू लागली. कर्नाटकात गदगच्या बाजूला एका शाळामास्तराच्या मुलाने ती ऐकली आणि त्याचे डोके फिरले. असे गाता आले पाहिजे, एवढेच त्याच्या मनाने घेतले. १९३३ साली, अकरा वर्षांचा असताना तो घर सोडून पळाला. खिशात तिकिटाला पैसे नाहीत. मग आगगाडीत गाणी म्हणून दाखवायची, उतारूंनी आणि तिकीट तपासनिसांनी दया करायची आणि असा गात-गात मुलाने गुरूच्या शोधात थेट ग्वाल्हेरपर्यंत मुलूख तुडवला. हा मुलगा म्हणजे भीमसेन जोशी. पुढे १९३६ मध्ये त्याला गुरू भेटला तो घराच्या जवळ, कुंदगोळात, आणि तो गुरू म्हणजे खाँसाहेबांचेच शिष्य सवाई गंधर्व. भीमसेनांना २००८ साली भारतरत्न मिळाले.

म्हणजे पाहा, १९३३ मध्ये एक अनोळखी पोरगा रेल्वेच्या डब्यात चार उतारूंपुढे गातो. चार वर्षांनी, १९३७ मध्ये, ज्याच्या तबकडीने त्याला वेड लावले तो उस्ताद रेल्वेच्या फलाटावर चार माणसांपुढे गातो. दोघांची प्रत्यक्ष तालीम कधी झाली नाही. एकाला तिकिटाचे पैसे नव्हते आणि दुसऱ्याला आता तिकिटाची गरज उरली नव्हती. वाया काय गेले, हे आम्ही त्या तरुणाला विचारले नाही, कारण तोवर तो खिडकीबाहेर बघत होता.

मिरजेचे आणखी एक सांगायचे राहिले आणि ते शेतकऱ्यांना सांगायलाच हवे. मिरजेत सतार आणि तंबोरे बनविणाऱ्या कारागिरांची पिढ्यान्‌पिढ्यांची वस्ती आहे. त्यांचे पूर्वज शिकलगार, म्हणजे तलवारी-भाल्यांना धार लावणारे. एकोणिसाव्या शतकात शस्त्रांचे काम कमी झाले तसे त्यांनी वाद्यांकडे हात वळविला. खाँसाहेबांसारखा तिखट कानाचा गिऱ्हाईक दारात असल्यावर कारागिराची कसोटी रोजच लागत असणार. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले.

तंबोऱ्याचा खालचा भाग भोपळ्याचा असतो. खायचा नव्हे, कडू भोपळा, आणि आकाराने मोठा. तो पंढरपूर-मंगळवेढ्याच्या बाजूचे शेतकरी खास वाद्यांसाठी पिकवितात. वेलीवर फळ जमिनीला नीट बसवावे लागते, नाहीतर आकार एका अंगाला जातो आणि मग तो भोपळा तंबोऱ्याला चालत नाही. पुरता पिकून सुकला, आतला गर आणि बिया निघाल्या, की तो मिरजेला जातो. आमच्याबरोबरच्या मंडळींनी एका दुकानात असले भोपळे टांगलेले पाहिले आणि लगेच भाव, उतारा, पाणी किती लागते, सगळे विचारून घेतले. दोघांनी बीही मागितले. दुकानदार हसून म्हणाला की आमच्याकडे भोपळा येतो तोपर्यंत त्याच्या पोटात बी राहिलेले नसते, बियासाठी पंढरपूरलाच जा. आम्हीही सांगतो, प्रयोग करायचा असेल तर बांधाला दोन वेल लावून पाहावेत, उसाचे क्षेत्र कमी करू नये.

दौऱ्यानंतर पंधरा दिवसांनी देवगाव रंगारीच्या गट कार्यालयात लागण नोंदीचे काम चालू होते. सातबारा, पासबुक घेऊन वीस-पंचवीस सभासद बसलेले. मिरजेला प्रश्न विचारणारा तो तरुण सभासदही होता. त्याने मोबाइलवर खाँसाहेबांची ती झिंझोटीतली जुनी तबकडी शोधून काढली होती, ती लावली. सुरुवातीला नुसती खरखर. एक-दोघे म्हणाले, रेंज नाही वाटतं. मग त्या खरखरीतून तो बारीक आवाज वर आला आणि खोलीतली कुजबूज हळूहळू थांबली. आमच्या लिपिकाने हातातला शिक्का तसाच धरून ठेवला. तीन मिनिटांत तबकडी संपली.

वीणा घेणारे ते बाबा भिंतीला टेकून बसले होते. ते म्हणाले, “पुन्यांदा लाव.”

त्याने पुन्हा लावली. नंतर नोंदीचे काम पुढे चालू झाले. त्या दिवशी गटात एकतीस एकरांची पूर्वहंगामी लागण नोंदली गेली. ज्यांची कागदपत्रे अपुरी राहिली आहेत त्यांनी ती महिनाअखेर गट कार्यालयात आणून द्यावीत.